सेबेनच्या आधी जे सांगायचं ते: काँगोचं संगीत आणि नाच परदेशी मंचावर नेताना

काँगोच्या लोकप्रिय गाण्याचे ढोबळमानाने दोन भाग असतात. आधी संथ रुम्बा: कडवी, तीन-चार गळ्यांची एकत्र गायकी, एखादी गोष्ट किंवा गाऱ्हाणं. मग गिटारी एका छोट्या आवर्तनात शिरतात, ड्रम वेग धरतो आणि सेबेन सुरू होतो. तिथे गोष्ट थांबते आणि अंग बोलायला लागतं. हे संगीत परदेशी श्रोत्यांपुढे न्यायचं आणि त्यातून काही बदल घडावा अशी इच्छा असेल, तर कार्यक्रमाची सगळी आखणी या सांध्याभोवती करावी लागते. जे सांगायचं ते रुम्बात सांगून झालेलं असावं. सेबेनमध्ये लोक नाचणारच, आणि त्यांना नाचू द्यावं.

बहुतेक आयोजक याच्या उलट करतात. ऐन सेबेनमध्ये वाद्यं थांबवतात आणि कुणीतरी माईकवर युद्ध, खनिजं आणि विस्थापितांचे आकडे वाचून दाखवतं. घामाघूम झालेले लोक ओशाळून उभे राहतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. आकडे खोटे नसतात. २०२४ मध्ये काँगोत ७० लाखांहून अधिक माणसं देशातल्या देशात विस्थापित होती. पण नाचणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून अपराधी वाटायला लावलं, तर त्या भावनेचं पुढे काय करायचं हे त्याला कळत नाही.

या संगीताला बातमी आणि सूचना वाहून न्यायची जुनी सवय आहे, त्यामुळे बाहेरून भाषण चिकटवायची गरज पडत नाही. १९३० च्या दशकात क्युबन संगीताच्या तबकड्या काँगो नदीच्या दोन्ही काठांवर विकल्या जाऊ लागल्या. गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपलीकडे गेलेले ताल त्यात होते, म्हणून ते लगेच रुजले. १९४८ मध्ये गायक वेंडो कोलोसॉय आणि गिटारवादक आंरी बोवान यांचं गाणं 'न्गोमा' या कंपनीच्या तबकडीवर आलं आणि शहरी रुम्बाचा काळ सुरू झाला. जानेवारी १९६० मध्ये ब्रसेल्सला बेल्जियमपासूनच्या स्वातंत्र्याची गोलमेज परिषद भरली, तेव्हा जोसेफ काबासेले, म्हणजे ल ग्रां काले, आपला 'आफ्रिकन जॅझ' वाद्यवृंद घेऊन तिथे होते. स्वातंत्र्य मिळाल्याचं सांगणारं, पक्षांची आणि नेत्यांची नावं घेणारं त्यांचं चा-चा-चा गाणं रेडिओवरून आफ्रिकाभर पोहोचलं. लिंगाला ही गाण्याची भाषा न समजणारेही ते गुणगुणत होते. पुढे १९८७ मध्ये गायक-गिटारवादक फ्रँको लुआम्बो माकियादी यांनी एड्सबद्दल सावध करणारं लांबलचक गाणं केलं. त्यातला मोठा भाग गायलेला नाही, बोललेला आहे, आणि तो फ्रेंचमध्ये आहे, म्हणजे लिंगाला बोलणाऱ्या मुलखाबाहेरच्या माणसालाही कळावा. मागे गिटार एकसारखी चालू राहते. गिटार थांबवू नका आणि भाषा श्रोत्याची ठेवा: परदेशी मंचासाठी या एका गाण्यातून एवढं घेतलं तरी पुष्कळ झालं.

भाषेचा आणखी एक दाखला गायक रेमी ओंगाला यांचा. जन्म काँगोतल्या किंडूचा, कारकीर्द दार-एस-सलामला. कंडोम वापरायला सांगणारं गाणं त्यांनी स्वाहिलीत केलं. रेडिओ टांझानियाने ते लावलं नाही, तरी लोकांपर्यंत ते पोहोचलं.

आडून बोलणं आणि त्याचं भाषांतर

लिंगाला गाण्यांत सत्तेवरची टीका सहसा सरळ येत नाही. सोडून गेलेला नवरा, कर्ज बुडवणारा मित्र, सवतीला मारलेला टोमणा अशा वेशात ती येते. याला म्बवाकेला म्हणतात. हुकूमशहा मोबुटूंच्या राजवटीत गायकांना याचाच आधार होता. राजधानी किन्शासातल्या श्रोत्याला टोमणा कुणाला लागतोय हे क्षणात कळतं. परदेशात पडद्यावर शब्दशः भाषांतर दाखवलं, तर उरते फक्त नवरा-बायकोची तक्रार.

म्हणून प्रत्येक गाण्यासाठी भाषांतरकाराकडून दोन कागद मागावेत. एकावर ओळींचा अर्थ. दुसऱ्यावर हे कोण कुणाला म्हणतंय, कुठल्या वर्षी, आणि तेव्हा काय चाललं होतं, एवढं चार वाक्यांत. मंचावर वापरायचा तो दुसरा. गिटारीची सुरुवातीची आवर्तनं चालू असताना गायकाने किंवा सूत्रधाराने ४० ते ५० सेकंदांत तो मजकूर सांगावा. त्याहून लांबला की वादकांचा हात जड होतो आणि गाणं मंद सुरू होतं. पडद्यावर पूर्ण कडवी टाकू नयेत. एका वेळी दोन ओळी, कडव्यातली एकच महत्त्वाची जोडी, आणि सेबेन सुरू होताच पडदा काळा. शब्द चालू राहिले तर लोक पडदा वाचत उभे राहतात.

भाषांतर फ्रेंचमार्गे करून घेतलं की धार जाते, हे नेहमी घडतं. लिंगालातून फ्रेंच आणि फ्रेंचमधून जर्मन, अशा दोन हातांतून गेलेला टोमणा गुळगुळीत होऊन येतो. ज्या शहरात कार्यक्रम आहे तिथला, दोन्ही भाषा घरात बोलणारा तरुण काँगोली शोधावा आणि त्याला मोबदला द्यावा. ब्रसेल्सच्या माटोंगेमध्ये किंवा पॅरिसच्या शातो रूज भागात अशी माणसं मिळतात.

मंचावर काय आणू नये

काँगोच्या माणसाला परदेशात नाचताना पाहण्याचा इतिहास वाईट आहे, आणि कार्यक्रम करणाऱ्याला तो माहीत हवा. १८९७ मध्ये ब्रसेल्सजवळच्या टेर्व्हुरेनला बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या प्रदर्शनात २६७ काँगोली माणसं आणून 'गावं' मांडली गेली. त्यांतली ७ माणसं तिथेच मरण पावली. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनातही काँगोचं 'गाव' होतं. बघ्यांनी तिथल्या लोकांकडे केळी फेकली आणि ती माणसं प्रदर्शन सोडून परतली. ज्यांच्या आजी-आजोबांनी हे ऐकलंय ते लोक आज तुमच्या सभागृहात बसलेले असतात. गवताचे घागरे, झोपडीचं नेपथ्य, 'आदिम लय' असली जाहिरात यांना सरळ नकार द्यावा. एखाद्या समाजाचा विधीचा पोशाख नाचाचा भाग असेल तर तो त्या समाजाच्या जाणकाराने ठरवावा, आणि कुठल्या प्रांतातल्या कुठल्या लोकांचा नाच आहे हे नावासकट सांगावं. कसाई भागातल्या लुबा लोकांचा मुतुआशी नाच वेगळा, क्विलूतल्या पेंडे लोकांचे मुखवटे वेगळे. गायिका त्चाला मुआना यांनी मुतुआशी आधुनिक वाद्यवृंदासह जगभर नेला, त्याचं मूळ गाव न लपवता.

दुसरी सावली मोबुटूंच्या काळातली. १९७० च्या दशकात शाळा, कचेऱ्या, कारखाने सगळीकडे लोकांना रांगेत उभं करून पक्षाच्या आणि नेत्याच्या स्तुतीवर नाचायला लावत. त्याला 'आनिमासियों पोलितीक' म्हणत. एकसारख्या कपड्यांतले पन्नास नर्तक, एकाच तालात, घोषणा देत आले की वयस्क काँगोली प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो, घोषणा कितीही चांगली असो. समूहनृत्य करायचं तर प्रत्येकाला आठ मात्रांची स्वतःची जागा द्या. सेबेनमध्ये तसंही एकेक नर्तक पुढे येऊन मागे जातो, त्यामुळे ते उपरं वाटत नाही.

वाद्यवृंद: कुणाला कमी करायचं आणि कुणाला नाही

किन्शासात वाद्यवृंदात १५-२० माणसं सहज असतात. परदेश दौऱ्याला ७-८ परवडतात. इथे जी कात्री लागते तिनेच बरेच कार्यक्रम बिघडतात. गिटारी तीन असतात: साथीची गिटार खालच्या पट्टीत तुटक सुरांनी आवर्तन धरते, मि-सोलो त्याच्या वरच्या पट्टीत छोटी आकृती पुन्हा पुन्हा वाजवते आणि सोलो सगळ्यांत वर बोलते. तिघी एकमेकींच्या रिकाम्या जागा भरतात. दोनच गिटारवादक नेता येत असतील तर मि-सोलो आणि सोलो एकाकडे द्यावेत. साथीची गिटार कधीही काढू नये, कारण ती गेली की बास आणि ड्रम यांच्यामध्ये पोकळी पडते आणि नाचणाऱ्याला पाय कुठे टाकावा ते कळत नाही. कीबोर्ड सोडता येतो. गायक चार असतील तर तीनवर आणता येतात, दोनवर नाही. तीन पट्ट्यांची गायकी हाच रुम्बाचा आत्मा आहे.

अतालाकूला मात्र हात लावू नये. झायको लांगा लांगा या वाद्यवृंदाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेबेनमध्ये हाका देणारा माणूस आणला आणि तेव्हापासून तोच नाच चालवतो. कुठली चाल, कधी बदलायची, कधी खाली बसायचं हे त्याच्या आरोळीवर ठरतं. परदेशी संयोजकाला तो 'नुसता ओरडणारा' वाटतो आणि यादीतून पहिलं नाव त्याचंच कापलं जातं. मग प्रेक्षक नाचत नाहीत म्हणून सगळे चिंतेत पडतात. हाकांमध्ये स्थानिक भाषेतले चार-पाच शब्द घालायला त्याला आदल्या दिवशी शिकवा. त्याचा खुळखुळा पुष्कळदा कीटकनाशकाच्या रिकाम्या फवारा-डब्यापासून केलेला असतो. तो हातातल्या बॅगेत ठेवला तर विमानतळावर जप्त होण्याची शक्यता मोठी. सामानात टाका आणि साधे मराकास जवळ असू द्या.

ध्वनिव्यवस्थेसाठी अंदाजे २० चॅनेल धरावेत: ड्रमला ६, काँगाला २, बासला १, गिटारींना ३, कीबोर्ड असल्यास २, गायकांना ४, अतालाकूला स्वतंत्र १ आणि खुळखुळ्यासाठी १. गिटारी स्वच्छ आवाजाच्या, डिस्टॉर्शन नाही, थोडा कोरस किंवा डिले. साथीची गिटार डावीकडे, मि-सोलो उजवीकडे, सोलो मध्यभागी ठेवली की तिन्ही ऐकू येतात. रॉकची सवय असलेला ध्वनितंत्रज्ञ किक आणि बास फुगवतो, सोलो वर काढतो आणि मि-सोलो गाडून टाकतो. सेबेन चपटा वाटायला लागण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. स्नेअरवरचा कावाशा ताल कुरकुरीत ऐकू आला पाहिजे, कारण नर्तकाचे पाय त्याला बांधलेले असतात. फ्रान्समध्ये आवाजाची मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीवर १०२ डेसिबल आहे, बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ६० मिनिटांवर १००. शेवटच्या सेबेनसाठी जागा राहावी म्हणून सुरुवातीची गाणी मुद्दाम कमी आवाजात ठेवा.

महोत्सवात साधारण ६० मिनिटं मिळतात. सेबेन दहा मिनिटं सहज चालतो, म्हणजे पाच किंवा सहा गाणी. आठ गाण्यांची यादी करणारा वाद्यवृंद शेवटी सेबेन कापतो, आणि मग आलेल्या माणसाला काँगो ऐकायला मिळालाच नाही असं होतं.

लिकेंबेसारखी (लाकडावर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या अंगठ्यांनी वाजवायचं वाद्य) लाकूड-धातूची वाद्यं आणि कातड्याचे ढोल थंड देशांतल्या तापवलेल्या कोरड्या खोलीत सूर सोडतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच ती सभागृहात नेऊन ठेवा. कोनोनो नंबर १ या वाद्यवृंदाच्या मिंगियेदी मावांगू यांनी जुन्या गाड्यांच्या भागांतली चुंबकं वापरून लिकेंबेला पिकअप बसवले आणि कर्ण्यांतून तो आवाज सोडला. त्या आवाजातली करकर हा संगीताचाच भाग आहे. ध्वनितंत्रज्ञाने ती 'साफ' करू नये हे लेखी कळवा.

नाच शिकवताना

कार्यशाळा ९० मिनिटांची पुरते. पहिली १५ मिनिटं पाय नाहीतच: ३-२ क्लावे, म्हणजे पाच ठोक्यांचा पायाभूत ताल, टाळीवर आणि तोंडाने, मग लिंगालातली एक ओळ सगळ्यांनी म्हणायची. नंतर २५ मिनिटं रुम्बा: गुडघे सैल, तळवे जमिनीला, वजन खाली, एका बाजूला पाऊल आणि कंबर त्याच्या मागून. जोडीने करून घ्यावं, पण जोडीदार निवडण्याची आणि नाही म्हणण्याची मोकळीक आधीच जाहीर करावी. मग क्वासा-क्वासा: कंबर मागे-पुढे आणि हात कंबरेच्या मागोमाग. शेवटची २० मिनिटं अतालाकूच्या हाकेवर, क्रम न ठरवता. उरलेला वेळ पाणी, प्रश्न आणि गाण्याचा अर्थ यांत जातो.

चुकतं ते बहुतेक एकाच ठिकाणी. शिकणारे ताठ गुडघ्यांनी कंबर हलवू पाहतात, मग हालचाल पाठीतून येते आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरते. कंबर गुडघ्यातून हलते. एक गुडघा वाकला की त्या बाजूची कंबर उतरते, एवढं आरशासमोर सावकाश करून घेतलं तर दहा मिनिटांत फरक दिसतो. फरशी काँक्रीटची असेल तर उड्या आणि खाली बसण्याच्या चाली गाळाव्यात. दुसरी चूक शिकवणाऱ्यांची: व्हिडिओवरून एन्डोम्बोलो या वेगवान नाचाच्या चालींचा पाठ बसवायचा आणि तो आठ-आठच्या मोजणीत शिकवायचा. मोजणीत शिकलेला माणूस हाक ऐकत नाही, आणि हाक ऐकणं हीच तर या नाचातली सामूहिक गोष्ट आहे.

हातवाऱ्यांत मोठी ताकद आहे. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी आबिजानला आफ्रिका चषकाच्या उपांत्य सामन्याआधी काँगोच्या खेळाडूंनी राष्ट्रगीताच्या वेळी एक हात तोंडावर आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं कानशिलाला लावली. पूर्व काँगोतल्या हिंसेबद्दल जग गप्प आहे, हे जगभर टीव्हीवर एका हालचालीत पोहोचलं. ती मुद्रा नाचात घेता येते, पण एकदाच, स्थिर, आणि रुम्बाच्या भागात. सेबेनमध्ये टाकली की ती चाल होऊन बसते.

शब्द अजिबात न कळताही हे संगीत लोकांना बळ देतं, हे मला मान्य आहे. कोलंबियातल्या कार्ताहेना भागात काँगोच्या तबकड्या मोठमोठ्या कर्ण्यांवर, तिथल्या भाषेत पिकोवर, वाजत राहिल्या. त्यांतून चांपेता हा संगीतप्रकार जन्माला आला आणि प्रतिष्ठितांनी हिणवलेल्या आफ्रिकी वंशाच्या वस्त्यांना आपलं म्हणावं असं काहीतरी मिळालं. तिथे कुणी पडदा लावला नव्हता. पण ती गोष्ट काही दशकांची आहे. तुमच्या हातात एक संध्याकाळ असते, म्हणून मागणी स्पष्ट लागते.

मागणी कुणाकडे?

स्टाफ बेंडा बिलिलीचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. किन्शासाच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात सराव करणारे, पोलिओ झालेले, तीनचाकी सायकलींवरचे हे वादक. त्यांच्या २००९ च्या पहिल्या अल्बममध्ये मुलांना लस द्या असं आईवडिलांना सांगणारं गाणं होतं. किन्शासात ती मागणी अचूक आहे. युरोपातल्या श्रोत्याची मुलं लस घेतलेली असतात. त्याने ते ऐकून करायचं काय? त्याच गाण्याच्या वेळी त्याच्या शहरातल्या सभागृहांत चाकाच्या खुर्चीला वाट आहे का, हा प्रश्न विचारता येतो. मंच १ मीटर उंच असेल तर १:१२ च्या हिशेबाने १२ मीटर लांब उतार लागतो. बहुतेक ठिकाणी तो नसतो आणि चार माणसं कलाकाराला उचलून वर ठेवतात. तो उतार बांधून घेणं हीच त्या कार्यक्रमाची पहिली ठोस मागणी असू शकते, आणि कार्यक्रमानंतरही उतार तिथेच राहतो.

नियम असा धरावा: एका संध्याकाळी एकच मागणी, आणि ती श्रोत्याच्या हातातली. खनिजांबद्दल बोलायचं असेल तर जगातल्या कोबाल्टपैकी सुमारे ७०% काँगोतून येतं, एवढं सांगून थांबू नका. युरोपीय संघाचा १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेला संघर्षग्रस्त भागांतल्या खनिजांचा नियम कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं यांनाच लागतो, कोबाल्टला नाही. त्याचा विचार २०२३ च्या बॅटरी नियमात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाने रवांडाशी कच्च्या खनिजांबाबत सामंजस्य करार केला आणि वर्षभराने युरोपीय संसदेने तो स्थगित करावा असा ठराव केला. ब्रसेल्स, ल्यों किंवा कोलोनमधला मतदार आपल्या प्रतिनिधीला याबद्दल नावानिशी पत्र लिहू शकतो. पत्राचा नमुना, प्रतिनिधींची यादी आणि टपालाची पेटी दारात ठेवा. मध्यंतर असेल तर पत्रं तेव्हाच लिहून घ्या. कार्यक्रम संपल्यावर लोकांना शेवटची ट्राम पकडायची असते.

पूर्व काँगोतल्या बुकावूच्या पांझी रुग्णालयात लैंगिक हिंसेतून वाचलेल्या स्त्रिया समुपदेशक आणि संगीत-निर्मात्याबरोबर आपली गाणी लिहून ध्वनिमुद्रित करतात. अशी गाणी परदेशात वाजवायची तर गाणं लिहिणारीची लेखी परवानगी, तिला नाव हवं की नको याचा निर्णय आणि मोबदला या तिन्ही गोष्टी आधी. 'ही अमुक अत्याचारातून वाचलेली' अशी ओळख मंचावरून कधीही करून देऊ नये. ती गीतकार आहे.

व्हिसा, पैसे, हक्क

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांसाठीच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधी. निर्णयाला १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. किन्शासात बेल्जियम अनेक देशांच्या वतीने अर्ज घेतो. व्यवहारात पाच महिने आधी कागद हलले पाहिजेत. पूर्वेकडच्या गोमा किंवा बुकावूच्या कलाकाराला त्यासाठी किन्शासा गाठावं लागतं, अंतर १,५०० किलोमीटरहून जास्त, सलग रस्ता नाही; जानेवारी २०२५ मध्ये एम२३ या बंडखोर गटाने गोमा घेतल्यावर तिथली विमानसेवाही थांबली. या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. पीतज्वराच्या लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी वैध होतं, ते सगळ्यांचं तपासा.

वाद्यवृंदाच्या नावाखाली माणसं बाहेर नेल्याच्या प्रकरणात २००३ मध्ये प्रसिद्ध गायक पापा वेंबा यांना फ्रान्समध्ये अटक झाली आणि २००४ मध्ये ते दोषी ठरले. वाद्यवृंदांच्या याद्यांकडे संशयाने पाहिलं जातं त्यामागे हेही आहे. प्रत्येकाचा करार, त्याचं काम आणि तो वाजवताना दिसतो असा व्हिडिओ, कुठल्या मिनिटाला कोण ते लिहून, अर्जाला जोडावा. दोन-तीन वादक युरोपातच राहणारे घेतले तर व्हिसा नाकारला गेला तरी कार्यक्रम उभा राहतो. मी तर याला अटच मानतो.

मानधन ठरवताना करकपात आधी सांगा. परदेशी कलाकाराच्या मानधनातून बेल्जियममध्ये १८%, ब्रिटनमध्ये २०%, जर्मनीत १५% आणि त्यावर अधिभार कापला जातो. जर्मनीत दर कार्यक्रमाला २५० युरोंपर्यंतचं मानधन सुटतं. हातात पडणारी रक्कम करारात लिहा. रोख डॉलर द्यायचे असतील तर नव्या, न दुमडलेल्या नोटा द्या. काँगोत किंचित फाटलेली किंवा शाई लागलेली नोट कुणी घेत नाही.

वाजवलेल्या गाण्यांची यादी स्थानिक हक्कसंस्थेला, फ्रान्समध्ये सासेमला, बेल्जियममध्ये साबामला, लेखकांच्या खऱ्या नावांसह द्यावी. काँगोची आपली संस्था सोकोडा आहे, पण बरेच रचनाकार थेट युरोपातल्या संस्थांचे सदस्य असतात. टोपणनावाने यादी भरली तर पैसे कुणाकडेच जात नाहीत.

आपल्याच लोकांचा विरोध

२०११ च्या निवडणुकीनंतर पॅरिस, ब्रसेल्स, लंडनमधल्या 'कोंबातां' म्हणवणाऱ्या काँगोली कार्यकर्त्यांनी सत्तेच्या जवळच्या समजल्या जाणाऱ्या गायकांचे कार्यक्रम बंद पाडायला सुरुवात केली. २८ फेब्रुवारी २०२० रोजी गायक फाली इपुपा यांच्या पॅरिसमधल्या कार्यक्रमाच्या वेळी गार द ल्यों परिसरात वाहनं पेटवली गेली. या रागाच्या मागे लिबांगा आहे: पैसे देणाऱ्या व्यापाऱ्याचं किंवा मंत्र्याचं नाव गाण्यात पुकारायचं. तमाशातली दौलतजादा ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं समजवायला नको. सामाजिक कामाच्या कार्यक्रमात राजकारण्यांचं नाव पुकारलं जाणार नाही, हे कलमच करारात असावं, आणि त्या बदल्यात गायकाला होणारं नुकसान मानधनात भरून द्यावं. नुसती मनाई केली तर नाव सेबेनमध्ये येतंच. दोन महिने आधी शहरातल्या काँगोली संघटनांना भेटून पैसा कुठून आला हे सांगावं. दूतावासाचा पैसा असेल तर तोही.

उलट बाजूचा धोका कलाकाराच्या जिवाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये किन्शासाच्या सेन्सॉर आयोगाने एमपीआर या संगीतगटाच्या, देशाच्या दुरवस्थेबद्दल बोलणाऱ्या गाण्यावर बंदी घातली. ओरड झाल्यावर ती दुसऱ्याच दिवशी उठली. लष्करावरच्या टीकेच्या गाण्यांसाठी तुरुंग भोगलेल्या गायक डेलकाट इडेंगो यांना १३ फेब्रुवारी २०२५ रोजी गोम्यात गोळ्या घालून मारलं गेलं. परदेशात गायलेलं गाणं तासाभरात किन्शासाच्या आणि गोम्याच्या फोनवर असतं. म्हणून चित्रीकरणाची परवानगी प्रत्येक गाण्यासाठी वेगळी घ्यावी, आणि कार्यक्रमाआधी 'होय' म्हणालेल्या कलाकाराला कार्यक्रमानंतर ४८ तास 'नाही' म्हणता यावं. तोवर काहीही प्रसिद्ध करू नये. प्रेक्षकांच्या फोनचं काय, हा प्रश्न उरतो. धोक्याचं गाणं असेल तर ते यादीत मध्यभागी ठेवा, आधी जाहीर करू नका आणि फोन खाली ठेवायची विनंती गायकालाच करू द्या. आयोजकाने केलेली विनंती लोक फारशी ऐकत नाहीत.

कार्यक्रमानंतर महिन्याभरात हिशेब पाठवावा, फ्रेंच आणि लिंगालात, पूर्वेकडचे कलाकार असतील तर स्वाहिलीतही: तिकिटांचे किती आले, कर किती गेला, कुणाला किती मिळालं, किती पत्रं लिहिली गेली आणि त्यांना काय उत्तरं आली. उत्तरं यायला वेळ लागतो, म्हणून सहा महिन्यांनी दुसरा कागद. नृत्यदिग्दर्शक फाउस्तां लिन्येकुला यांच्या 'स्टुडिओज काबाको'ने २००६ पासून किसांगानीत बस्तान बसवलं आणि युरोपातले दौरे चालू ठेवत तिथल्या तरुण कलाकारांसाठी कामाची जागा उभी केली. आपल्या दौऱ्यातला काही हिस्सा अशा जागेसाठी राखायचा असेल तर तो टक्क्यांत, तिकीटविक्री सुरू होण्याआधी ठरवून करारात घालावा. खर्च वजा जाता उरेल त्यातून द्यायचं ठरवलं तर उरत काहीच नाही.